बाइंडरबाईंकडचे बेडूक

बाइंडरबाईंकडे त्यांची भाची राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर दोन बॅगा, एक उशी आणि झाकण लावलेली बादली होती. बादलीत सहा मासे, दोन बेडूक आणि एक गोगलगाय. दारात उभी राहून भाची म्हणाली, "मावशी, माझे बेडूक पण आलेत."

बाईंना ऐकू येत नव्हतं, त्या ओठ वाचायच्या. आणि ओठांवर 'ब', 'प', 'म' सगळे सारखेच दिसतात. पोरीने पेटी आणली असेल असं समजून त्यांनी कपाटावरची जागा रिकामी केली, स्टूल ओढलं आणि बादली उचलून वर ठेवायला निघाल्या. भाचीने धावत येऊन त्यांचे हात धरले आणि झाकण काढून दाखवलं. बाई आत बघत राहिल्या. चांगला मिनिटभर.

"हे वर नको," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्यासमोर ठेवू."

बाई बावन्न वर्षांच्या होत्या. रस्त्याच्या बाजूला त्यांची बाइंडिंगची खोली आणि मागे दोन खोल्यांचं घर. ऑफिसांची रजिस्टरं, विद्यार्थ्यांचे प्रबंध, कोणाची पाठ निखळलेली जुनी पुस्तकं, असं काम त्या वडिलांकडून शिकल्या होत्या आणि एकट्याने करत होत्या. तिशीत एक ताप आला, तो गेला, पण जाताना कान घेऊन गेला; एकदम नाही, दरवर्षी थोडा थोडा. बारा वर्षांपूर्वी त्यांनी कानाचं यंत्र घेऊन पाहिलं होतं. ते नुसत्या शिट्ट्या मारायचं. आठवड्याभरात ते दाभणांच्या खणात जाऊन पडलं. तेव्हापासून गिऱ्हाइकं काउंटरवरच्या वहीत लिहून सांगत आणि बाई मान डोलवत. शांततेत हात चांगला चालतो, असं त्या म्हणायच्या. ते खरंही होतं.

भाची नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. हॉस्टेलवाल्यांनी माशांची टाकी ठेवू दिली नाही म्हणून ती मावशीकडे आली होती. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती बोलता बोलता स्वतःभोवती फिरायची. बहिऱ्या माणसाच्या घरी याहून गैरसोयीची सवय असू शकत नाही. अर्धं वाक्य मावशीकडे तोंड करून, उरलेलं भिंतीकडे.

काचेची टाकी मागाहून रिक्षाने आली आणि बसली ती कागद कापायच्या टेबलाशेजारी, लोखंडी पायांच्या चौरंगावर, कारण घरातली तेवढीच एक वस्तू डुगडुगत नव्हती. त्यामुळे झालं असं की भाची दिवसभर हॉस्पिटलात आणि टाकी दिवसभर बाईंच्या डोळ्यांसमोर.

बाईंना बेडूक म्हणजे काठावर बसणारा, उडी मारणारा प्राणी एवढंच ठाऊक. हे बेडूक काठावर येतच नव्हते. अंगठ्याच्या पेराएवढे, राखाडी, अंगावर काळे ठिपके, चारी पायांना पडदे. जन्मभर पाण्यातच राहायचे. मधेच हातपाय पसरून पाण्यात तरंगत राहायचे, विचारात पडलेल्या माणसासारखे, आणि मग आठवण झाल्यासारखे वर जाऊन हवेचा एक घोट घेऊन परत खाली. पहिल्या दिवशी बाईंचं एक रजिस्टर त्यांच्या नादात उलटं शिवलं गेलं.

आठवड्याभरात त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. भाची सकाळी घाईघाईत खाणं टाकायची. ते पाण्यावर पडायच्या आत सहाही पट्टेवाले मासे तुटून पडायचे आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं साफ. मग कुठे बेडकांना वास लागायचा. ते हळूहळू यायचे, दोन्ही हातांनी चाचपत, जिथे खाणं होतं तिथे. तिथे काही नसायचं. वर ते मासे जाता जाता त्यांच्या बोटांना टोचून जायचे. एका बेडकाची कमरेची हाडं दिसायला लागली होती.

रात्रीच्या जेवणाला बाईंनी विषय काढला. "तुझे बेडूक उपाशी आहेत."

"अगं, मी रोज टाकते की!"

"तू टाकतेस. ते खात नाहीत. दोन्हीत फरक आहे."

भाचीचा घास हातातच राहिला. ती उठून टाकीपाशी गेली, वाकून बघत राहिली, आणि परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "मी रोज बघते त्यांना, मावशी. आणि मला दिसलं नाही."

"तुला घाई असते," बाई म्हणाल्या. "मला नसते. उद्या मी विचारून येते."

रंगीत माशांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. बाईंनी चिठ्ठी लिहून नेली होती: दोन लहान पाणबेडूक, सहा पट्टेवाले मासे, एक गोगलगाय; बेडूक वाळत चाललेत, काय करू? दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि बोलायला सुरुवात केली. माणूस धिप्पाड, आणि मिशी अशी भरघोस की वरचा ओठ तर सोडाच, खालचाही अर्धा तिच्यात गेलेला. बाईंना नुसती मिशी वरखाली होताना दिसत होती. त्यांनी कानावर हात ठेवून मान हलवली. त्यांना वाटलं, आता हा जोरात ओरडेल. सगळे तेच करतात.

तो ओरडला नाही. मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती, तरी त्याने कागदी पिशवी ओढली, पेन शोधलं आणि उभ्याउभ्या लिहू लागला. पिशवीची एक बाजू भरली तेव्हा उलटून दुसरी घेतली.

"पट्टेवाले काढा. आजच. ते दांडगट आहेत, बेडूक मंद. बेडकांची नजर अधू असते, वासावर जेवण शोधतात. ते येईपर्यंत ताट रिकामं. त्यांना शांत सोबत द्या: तळाशी फिरणारे मिशाळ छोटे मासे, झिंगे. गोगलगाय चांगली आहे, राहू दे. पाण्याचा जोर कमी करा, त्यांना पोहून वर जावं लागतं. झाकण घट्ट ठेवा, बाहेर पडले तर सुकून मरतील. जेवण हाताने, एकेकाला, ड्रॉपरने. खाली छोटी बशी ठेवा म्हणजे जागा ओळखतील. पट्टेवाले मला आणून द्या, माझ्या मोठ्या टाकीत मजेत राहतील. ते वाईट नाहीत. इथे चुकीच्या घरात पडलेत."

बाईंनी ती पिशवी उलगडली, पुठ्ठ्यावर चिकटवली, कडेने कापड लावलं आणि टाकीवर टांगली. आयुष्यात त्यांनी हजारो कागद बांधले होते. इतक्या मनापासून क्वचितच एखादा.

पट्टेवाले पकडायला मावशी-भाचीला अख्खा रविवार लागला. जाळी होती, पण मासे जाळीहून हुशार निघाले. शेवटचा पकडला तो चहाच्या गाळणीत, आणि त्यानंतर गाळणी नवी आणावी लागली. सोमवारपासून बाईंनी बेडकांचं जेवण स्वतःकडे घेतलं. सकाळी काम सुरू करण्याआधी त्या गोठवलेल्या लाल अळ्या वाटीत वितळवायच्या, ड्रॉपरमध्ये ओढायच्या आणि बाटलीच्या झाकणाच्या बशीत एकेक सोडायच्या, बेडकाच्या अगदी नाकासमोर. बेडूक आधी काहीच करायचा नाही. मग एकदम झेप, दोन्ही हातांनी अळी तोंडात कोंबायची, आणि बऱ्याचदा अळीऐवजी भावाचा पायच. बाई एकट्याच हसायच्या. मिशाळ मासे उरलंसुरलं तळातून वेचायचे, झिंगे पानं पुसून काढायचे, गोगलगाय काचेवरून फिरायची. कोणी कोणाच्या वाटेत येत नव्हतं. पंधरा दिवसांत त्या बेडकाची हाडं दिसेनाशी झाली.

बाई ही बातमी सांगायला दुकानात गेल्या. चिठ्ठी नेली होती, पण ती पर्समध्येच राहिली, कारण दुकानदाराने विचारलं, "काय म्हणतात बेडूक?" आणि त्यांना ते कळलं. सगळं कळलं. पुढचं वाक्यही. "अजून एक न्या. आपल्यातलं कोणी जास्त असलं की ते मोकळे होतात." त्याने एका टाकीतून बेडूक काढून पिशवीत घातला आणि पुढे केला.

बाईंनी पिशवी उजेडाकडे धरली. कागदातले तंतू कोणत्या दिशेने जातात हे नुसत्या नजरेने सांगणारी बाई ती; सवयीने बघत राहिली.

"याचे हात वेगळे आहेत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आमच्या दोघांच्या पुढच्या पायांना पण पडदे आहेत. याची बोटं सुटी आहेत."

दुकानदाराने चष्मा लावला, पिशवी घेतली, आणि तो चष्म्यासकट खुर्चीत बसला. "अरे बाप रे. हा मोठ्या जातीचा. आत्ता एवढासा दिसतो, पण तळहाताएवढा होतो, आणि तोंडात मावेल ते सगळं गिळतो. बाई, याने तुमचं अख्खं घर खाल्लं असतं. अकरा वर्षं हे विकतोय मी, आणि माझ्या डोळ्यांतून सुटला." त्याने हात जोडले. "वाचवलंत मला."

"मी माझे बेडूक वाचवले," बाई म्हणाल्या, पण त्यांना आतून फार बरं वाटलं. खऱ्या छोट्या जातीचा तिसरा बेडूक बोटं तपासून घेऊन त्या घरी आल्या आणि भाचीला सगळं संभाषण जसंच्या तसं ऐकवलं.

भाची ऐकता ऐकता थांबली. "पण मावशी, तुला कळलं कसं? ते मिशीवाले दुकानदार ना? त्यांचे ओठ कुठे दिसतात?"

 बाईंनी डोळ्यांसमोर तो चेहरा आणला. ओठ दिसत होते. मिशी होती, पण ओठाच्या वर सरळ रेषेत कातरलेली. पंधरा दिवसांपूर्वी ती तशी नव्हती. त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, बोलताना फक्त तोंड समोर ठेवलं होतं आणि पाठीमागच्या टाकीचा दिवा वळवून स्वतःवर घेतला होता. बाई टेबलावर हात ठेवून बसून राहिल्या. एवढी मिशी वाढवायला माणसाला किती वर्षं लागली असतील, याचा त्या हिशोब करत होत्या, आणि तो त्यांना जमत नव्हता.

मग महिन्याभराने एक गोष्ट घडली. एका ऑफिसची चाळीस रजिस्टरं दोन दिवसांत द्यायची होती. बाई सकाळपासून मान खाली घालून शिवत होत्या. दुपारी वर बघितलं तर मिशाळ मासे, जे कधी तळ सोडत नाहीत, ते पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडमीट करत होते. भूक लागली असेल म्हणून बाईंनी त्यांना थोडं खायला घातलं आणि परत शिवायला बसल्या. संध्याकाळी भाची धावतच आत आली आणि आधी टाकीकडे गेली. पाणी आटून पातळी खाली गेली होती, फिल्टर पाण्याऐवजी हवा ओढत होता आणि मोडक्या गाडीसारखा खडखडत होता. भाचीला तो आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला होता. बाई सकाळपासून त्याच्यापासून दीड हातावर बसल्या होत्या.

बादलीभर पाणी बदललं, फिल्टर धुऊन चालू केला. बेडकांना काही झालं नव्हतं, ते हवा वरूनच घेतात. मासेही तासाभरात तळाला गेले. कोणी मेलं नाही. पण बाईंनी त्या दिवशी रजिस्टरं तशीच ठेवली.

"ते मला सांगत होते," त्या म्हणाल्या. "तोंड उघडून सांगत होते. आणि ती वस्तू ओरडत होती. मी शेजारी बसून होते गं."

भाची खाली बसली, मावशीच्या गुडघ्यांवर हात ठेवले आणि तोंड अजिबात न फिरवता म्हणाली, "आमच्या हॉस्पिटलात कानाच्या विभागात एक मॅडम आहेत. मी आल्यापासून तुला विचारणार होते. धीर होत नव्हता."

"माझ्याकडे आहे यंत्र. खणात."

"ती शिट्टी आहे, मावशी. यंत्र नाही."

कानाच्या मॅडम तरुण होत्या आणि कमी बोलायच्या, पण जे बोलायच्या ते समोर बघून. तपासण्या झाल्या, कानाचे साचे घेतले गेले, आणि तिसऱ्या आठवड्यात दोन्ही कानांत दोन यंत्रं बसली. मॅडम म्हणाल्या, "पहिले पंधरा दिवस तुम्ही मला शिव्या द्याल. द्या. पण यंत्र काढू नका."

बाईंनी दिल्या. कागद इतका किंचाळतो हे त्यांना माहीत नव्हतं. कात्री, खुर्ची, स्वतःच्या चपला, स्वतःचं चावणं, सगळं एकाच वेळी अंगावर येत होतं. संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायचं. पण त्यातच एक शोध लागला. भाची भांडी घासताना एकटी बोलायची. मेट्रनची नक्कल करायची, वॉर्डातल्या आजोबांची करायची, आणि एका संध्याकाळी बाईंनी स्वतःचाच आवाज ऐकला: "तुला घाई असते. मला नसते." इतका हुबेहूब की त्या दारामागे उभ्या राहून तोंडावर पदर धरून हसल्या, आणि यंत्र काढायचं त्या दिवसापुरतं राहून गेलं.

नवव्या दिवशी एक नवाच त्रास सुरू झाला. तिन्हीसांजेला, दिवे लागायच्या सुमाराला, कानात बारीक गुणगुण. काड्यापेटीत माशी अडकावी तशी, एकसुरी, थांबून थांबून. रोज त्याच वेळी. यंत्र बिघडलं म्हणून बाई हॉस्पिटलात गेल्या. मॅडमनी तपासलं, काही नव्हतं. चार दिवसांनी परत गेल्या. परत काही नव्हतं. मॅडम वैतागल्या नाहीत. त्यांनी यंत्र परत बाईंच्या कानात बसवलं आणि विचारलं, "इथे येतोय तो आवाज?"

"नाही."

"यंत्रात असता तर तुमच्याबरोबर इथे आला असता. म्हणजे तो तुमच्या घरात आहे. घरी जा आणि एकेक वस्तू बंद करत जा. सापडला की मलाही सांगा."

इतक्या वर्षांत बाईंना कोणी असं म्हटलं नव्हतं. तुमचे कान बरोबर आहेत, आवाज शोधा.

रविवारी भाचीला सुट्टी होती. संध्याकाळी गुणगुण सुरू होताच बाईंनी हात वर केला. भाचीने फ्रिज बंद केला. आवाज आहे. पंखा बंद. आहे. ट्यूबलाइट बंद. आहे. शेवटी मेन स्विचच खाली ओढला. फिल्टर थांबला, सगळं घर गप्प झालं, खिडकीतून संध्याकाळचा उरलासुरला उजेड तेवढा आत येत होता, आणि गुणगुण चालूच.

"थांब," भाची कुजबुजली. "मावशी, मला पण येतोय! मला इतके दिवस वाटायचं फ्रिज आहे."

बाई मान कलती करून एकेक पाऊल टाकत निघाल्या. कपाटापाशी कमी. काउंटरपाशी कमी. टाकीपाशी जास्त. त्यांनी वाकून बघितलं. पानाखाली, गोगलगायीच्या शेजारी, तिसरा बेडूक बसला होता. तोंड बंद, पण अंग सूक्ष्म थरथरत होतं. तो थांबला की आवाज थांबत होता. तो थरथरला की आवाज येत होता.

"हा गातोय," भाची म्हणाली.

बाई स्टुलावर बसल्या. "याला भूक लागली असेल का?" त्यांनी विचारलं.

भाची हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून तिथेच बसली. मेन स्विच वर करायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. बाईंनी तिच्या केसांतून हात फिरवला. या पोरीला राहू देऊ की नको, असा त्यांनी दोन दिवस विचार केला होता, हे त्यांनी तिला तेव्हा सांगितलं. आणि म्हणाल्या, "बरं झालं आलीस."

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या. दुकानदाराने ऐकलं आणि म्हणाला, "नर असणार. पोट भरलेलं असलं आणि आजूबाजूला त्रास देणारं कोणी नसलं की गातात म्हणे."

"म्हणे? तुम्ही ऐकलं नाहीत?"

त्याने दुकानाकडे हात केला. चाळीस टाक्या, चाळीस पंप, भिंतीभिंतीतून घरघर. "इथे मला माझाच आवाज ऐकू येत नाही, बाई."

 मग जे कितीतरी दिवस मनात होतं ते बाई म्हणाल्या. "माझ्यासाठी मिशी कापलीत. मला उशिरा कळलं. आता पुन्हा वाढवलीत तरी चालेल."

त्याचे कान लाल झाले. "बायकोला आवडलीय अशी," तो म्हणाला. "आता वाढवायची सोय नाही."

दुकान बंद असतं त्या वारी तो आला, बायकोला घेऊन. चौघं टाकीसमोर ओळीने बसली. बेडकाने अर्थातच तोंडाला कुलूप लावलं. एक चहा झाला, दुसरा झाला. बायकोने बाईंची पुस्तकं दाबायची यंत्रं बघितली, स्वतःच्या आईची पाककृतींची वही बांधायला द्यायचं कबूल केलं. उठायची वेळ आली तेव्हा, भाचीने फिल्टर बंद केल्यावर, पानाखालून बारीक गुणगुण सुरू झाली. दुकानदाराने उठता उठता परत बसकण मारली. एवढा मोठा माणूस, गुडघ्यांवर हात ठेवून, श्वासही जपून घेत होता. बेडूक थांबला तेव्हा तो बाईंकडे वळला.

"अकरा वर्षं मी यांना पिशवीत घालून देतोय," तो म्हणाला. "घरी जाऊन ते काय करतात ते आज कळलं. उपकार झाले."

"माझ्यावर झाले," बाई म्हणाल्या. त्यावरून दोघांत थोडा वादच झाला, आणि तो दुकानदाराच्या बायकोने मिटवला.

मॅडमना दिलेला शब्द बाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी एक कोरी वही बांधली, हिरव्या कापडाची, सहज उलगडून सपाट राहील अशी, आणि ती घेऊन हॉस्पिटलात गेल्या. बेडकाची हकिकत ऐकताना मॅडम पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. मग वही हातात फिरवत म्हणाल्या, "एक मागू? बुधवारी नवीन लोकांना यंत्रं बसवतो. निम्मे लोक आठवड्यात काढून ठेवतात. मी सांगून त्यांना पटत नाही. तुम्ही नुसत्या येऊन बसाल का?"

बाई बुधवारी दुकान उशिरा उघडायला लागल्या. त्या फार काही करत नसत. शेजारी बसत, आणि कोणी चिडलं की म्हणत, "मीही चिडले होते. कागदावर सुद्धा." तिसऱ्या बुधवारी एक निवृत्त लेथ-मशीनवाले आजोबा आले. उभं आयुष्य कारखान्यात गेलेलं, कान बावीस वर्षांपासून गेलेले. यंत्र बसल्यावर ते कपाळाला आठ्या घालून बसले. पंख्यावर चिडले, नर्सच्या चपलांवर चिडले. मग बाईंकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बाहेर माझी बायको बसलीय. ती आता बोलली तर तो आवाज तिचाच आहे हे मला कळेल का? मला आठवत नाही हो."

 बाईंनी दार उघडून आजींना आत बोलावलं. आजी आल्या, नवऱ्याच्या कानांकडे बघितलं, हातातली पिशवी सावरली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ओरडून म्हणाल्या, "अहो, चष्मा घेतलात का?"

आजोबा दचकले. मग त्यांनी हात पुढे करून बायकोला जवळच्या खुर्चीत बसवलं.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "पुन्हा म्हण. सावकाश म्हण."